विश्वास यांचा पट्टा

साहेब, माझ्या आलेखावरचा निळा पट्टा तुम्ही पांढरी शाई लावून पुसलात. ब्रश तुमच्या हातात होता, बाटली आवक-जावकच्या बाईंची होती, आणि शाई वाळावी म्हणून फुंकर मारलीत तीही तुम्हीच. मी दारात उभा होतो. तुम्हाला वाटलं, हा सही घ्यायला आलाय. सही घ्यायलाच आलो होतो, पण डोळे घरी ठेवून आलो नव्हतो.

आता तुम्ही मला नोटीस दिली आहे. 'खुलासा एका पानात सादर करावा.' एका पानात माझा नुसता घसा साफ होतो. तेव्हा खुर्चीत नीट बसा आणि वाचा. मध्येच उठून कुठे जाऊ नका. तुमची ती सवय साऱ्या मजल्याला माहीत आहे.

मी या पाणीपुरवठा कार्यालयात पातळी-लिपिक आहे. दर बुधवारी सकाळी तळ्यावर जायचं, पाण्यात उभी केलेली रंगीत मोजपट्टी वाचायची, आकडा वहीत लिहायचा. माझ्याआधी सोळा वर्षं हे काम माझे सासरे करायचे. त्यांच्यानंतर सहा वर्षं मी. कोणाला सासऱ्याकडून घड्याळ मिळतं, कोणाला अंगठी. मला सोळा वह्या मिळाल्या, आणि मी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत.

तुम्ही मला बोलावून म्हणालात, "या वह्यांमधून एक साधा आलेख काढा. एक रेघ. तळं तेरा फुटांच्या खाली जात नाही एवढं दिसलं पाहिजे. मग जुनी विहीर बंद करता येईल."

"बंद कशाला?"

"सुसूत्रीकरण."

या शब्दाला आपल्या कार्यालयात उलट प्रश्न विचारायची पद्धत नाही. पण अर्थ मला ठाऊक होता. आमच्या वस्तीला पाणी तळ्यातून येतं. तळ्यातल्या नळाचं तोंड अकरा फुटांवर आहे. पाणी त्याच्या खाली गेलं की पंप हवा ओढतो, आणि मग वस्तीला आधार एकच, जुनी विहीर. ती बुजवायची की ठेवायची, हे माझ्या रेघेवर ठरणार होतं. अशी रेघ माणूस पट्टी ठेवून ओढत नाही. निदान मी ओढत नाही.

आलेख काढायची एक लायब्ररी असते. पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेल्या आज्ञांचं गाठोडं; आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं आणि आपले आकडे त्याच्या पुढ्यात टाकायचे. मी हे कुठल्या क्लासात शिकलो नाही. एक डोळा शब्दकोशात आणि एक पडद्यावर ठेवून एक्कावन्नाव्या वर्षी शिकलो. चष्म्याचा नंबर वाढला, तो मी पदवी म्हणून लावतो.

बायकोने शेजारी सांगितलं, "हे सध्या प्लॉटिंगच्या लायब्ररीत असतात."

शेजारी निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहतात. त्यांच्या कानात 'प्लॉट' एवढंच शिरलं. संध्याकाळी जिन्यात त्यांनी माझा हात धरला. "अभिनंदन! कोपऱ्याचा आहे का? पूर्वेला तोंड आहे ना?"

"मास्तर, आलेख आहे तो. तळ्याच्या पाण्याचा."

"तळ्याकाठी? ओल धरेल हो भिंतींना!"

तीन दिवस सारी इमारत मला पाया किती खोल घ्यायचा ते सांगत होती. कोणी खिडक्यांचा सल्ला दिला, कोणी गच्चीचा. चौथ्या दिवशी मी मास्तरांना घरात ओढून आणलं आणि पडद्यासमोर बसवलं. त्यांचा चेहरा पडला. एवढा सुंदर बंगला मी त्यांच्या डोळ्यांदेखत पाडला होता.

पण माणूस कलेचा. पडद्यावर जे होतं ते बघून म्हणाले, "हा काय कंगवा आहे? तोही उंदरांनी खाल्लेला?"

झालं असं होतं, की तारखा मी तारखा म्हणून न भरता शब्द म्हणून भरल्या होत्या. कॉम्प्युटरने त्या शब्दांसारख्या रांगेत लावल्या. बावीस वर्षांतल्या सगळ्या एक तारखा आधी, मग सगळ्या दहा तारखा, दोन तारीख बिचारी कुठल्या कुठे. तळं एका ओळीत भरत होतं, दुसऱ्या ओळीत आटत होतं. ते सुधारायला मला आठवडा लागला. सुधारलं तेव्हा पडद्यावर बावीस उन्हाळे आणि बावीस पावसाळे डौलात वर-खाली होत गेले.

इथे थांबलो असतो तर तुम्ही पाठ थोपटली असतीत. पण पुढच्या उन्हाळ्यात पाणी कुठवर जाईल? रेघ म्हणाली, साडेतेरा फूट. मी तिला विचारलं, नक्की? रेघ गप्प. रेघेचा स्वभावच तो. बारीक अंग, ताठ मान, आणि चुकली तरी चेहऱ्यावर काही नाही. असे लोक कार्यालयात फार वर जातात.

म्हणून पट्टा. रेघेच्या वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा, आणि दोहोंच्या मधली जागा रंगाने भरायची. लायब्ररीत त्यासाठी एक आज्ञाच आहे. अर्थ एवढाच: शंभर उन्हाळे आले तर त्यातले पंच्याण्णव या रंगाच्या आत पडतील. पंडित म्हणतील, या पट्ट्याचं शास्त्रातलं नाव जरा वेगळं आहे. पंडितांनी आधी एक बुधवार तळ्यावर यावं.

पहिल्यांदा रंग भरला तेव्हा रेघ त्यात बुडून दिसेनाशी झाली. मास्तर ओरडले, "पाणी घाला! रंगात पाणी घाला! जलरंग शिकवताना घसा सुकला माझा!" त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सल्ला लाखमोलाचा होता. रंग किती पातळ हवा त्याचा एक आकडा असतो. मी तो एकावरून शून्य पूर्णांक तीनवर आणला, आणि निळ्या धुक्यातून रेघ वर आली. मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले.

बायको पोळपाट हातात घेऊन आली. "रेघेला मफलर का गुंडाळलाय?"

"समज," मी म्हणालो, "मी सकाळी सांगून जातो, सहाला येतो. आणि येतो कधी?"

"साडेसहा ते साडेसात, मनाला येईल तेव्हा."

"तर 'सहा' ही रेघ. 'साडेसहा ते साडेसात' हा पट्टा."

तिने पोळपाट काखेत धरला. "मग तुमची रेघ पट्ट्याच्या बाहेर आहे की."

मास्तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. माझा अपमान झाला, पण कबूल करतो, साऱ्या शास्त्राचं सार ती स्वयंपाकघरात परत जाता जाता सांगून गेली.

मग मी बावीसच्या बावीस वर्षांना पट्टा लावायला घेतला, आणि कॉम्प्युटरने लाल अक्षरांत आदळआपट सुरू केली. तारखा एवढ्या, आकडे तेवढे नाहीत. फरक सतराचा. मी वह्या उलटल्या. अकराव्या वहीत, ऐन उन्हाळ्यात, सतरा बुधवार कोरे. तारीख आहे, पुढे आडवी रेघ आहे, आकडा नाही.

त्या सतरा जागा रिकाम्या आहेत असं मी कॉम्प्युटरला कबूल करून सांगितलं. तो निमूट चालू लागला, फक्त त्या ठिकाणी पट्टा फुगला. चांगलाच फुगला. अजगराने शेळी गिळावी तसा.

सासरे आमच्याकडेच राहतात. मी त्यांना पडद्यापुढे आणलं. "आप्पा, ही तुमची सोळा वर्षं. आणि ही माझी सहा."

त्यांनी चष्मा पुसला. पडद्याला न टेकवता, हवेतच, बोट साऱ्या रेघेवरून फिरवलं. मग थांबले. "जावईबापू, हिला इथे पोट का सुटलंय?"

"तिथे तुमच्या नोंदी नाहीत. माहीत नसलं की पट्टा रुंद होतो."

ते म्हणाले, "तेव्हा ही दवाखान्यात होती." ही म्हणजे माझ्या सासूबाई. त्या दवाखान्यातून परत आल्या नाहीत. "सतरा आठवडे मी तळ्यावर गेलो नाही. बदली माणूस मागितला, मिळाला नाही. मग रिकामं सोडलं." आणि जरा वेळाने, "दिसतंय की. मी नव्हतो ते दिसतंय."

साहेब, हे मी तुम्हाला रडवायला सांगत नाही. पुढे लागणार आहे म्हणून सांगतोय.

आलेख छापून मी तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही तो लांब धरलात, जवळ धरलात, घंटा वाजवलीत. "प्रिंटर बिघडलाय. डाग पडतोय."

"डाग नाही, साहेब."

"मला डाग कळत नाही?"

प्रिंटरवाला आला. त्याने प्रिंटर उघडला, पुसला, मिटला. आलेख पुन्हा छापला. पट्टा आणखी ठसठशीत आला. त्याने आतला सगळा ऐवज टेबलावर मांडला आणि पुन्हा जोडला. दोन स्क्रू उरले. पट्टा तसाच. शेवटी तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भाऊ, डाग इतका व्यवस्थित नसतो. रेघेच्या मागे मागे वळतोय हा." साऱ्या मजल्यावर माझा आलेख वाचता आलेला तो पहिला माणूस, आणि तुम्ही त्यालाच हाकललंत.

मग मी तुम्हाला समजावलं. पंच्याण्णव टक्के विश्वासाचा पट्टा.

"पंच्याण्णवच का? आपल्या कार्यालयाला आपल्या कामावर शंभर टक्के विश्वास आहे. शंभर करा."

मी पुन्हा आलो. कागद वरपासून खालपर्यंत निळा होता.

"हे काय?"

"शंभर टक्के विश्वास, साहेब. तळं पूर्ण आटेल किंवा तुमच्या खिडकीपर्यंत येईल. यात चूक होणे नाही."

"चेष्टा करता?"

"विश्वास वाढला की पट्टा रुंद होतो. पट्टा बारीक हवा असेल तर विश्वास कमी करावा लागतो."

"मला विश्वास जास्त आणि पट्टा बारीक पाहिजे," तुम्ही टेबलावर बोट आपटून म्हणालात. "आणि ते मधलं पोट काढा. सतरा आकडे काय, अंदाजे टाका."

मी टाकले नाहीत. ज्या दिवशी मी 'टाकत नाही' म्हणालो, त्याच दुपारी पांढऱ्या शाईची बाटली निघाली.

आता आवक-जावकच्या बाईंचा अध्याय. प्रस्तावासोबतची यादी मी आधीच टाइप करून ठेवली होती: एक, आलेख, दोन, विश्वासाचा पट्टा, ९५ टक्के. बाई जावक नोंदवही लिहीत होत्या. बत्तीस वर्षांची नोकरी, एक खाडाखोड नाही. त्यांनी पेन थांबवलं.

"विश्वास कोण? नवे आलेत का?"

"बाई, विश्वास म्हणजे..." एवढ्यात तुम्ही आतून हाक मारलीत आणि मला जावं लागलं. परत आलो तेव्हा पाकीट बंद झालं होतं. वहीत सुरेख अक्षरांत लिहिलं होतं: 'श्री. विश्वास यांचा पट्टा, नग एक, ९५ टक्के सुस्थितीत.' यादीवरही तशीच दुरुस्ती.

"बाई, हे काय केलंत?"

"अहो, कार्यालयीन कागदात माणसाला एकेरी कसं लिहू? उद्या विश्वासरावांनी तक्रार केली तर?"

पाकीट गेलं. यादीत पट्टा होता, आलेखावर पट्टा नव्हता. तो तुम्ही शाईखाली गाडला होता. महिन्याभराने मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं. मला ते तोंडपाठ आहे:

'पत्रासोबत श्री. विश्वास यांचा पट्टा जोडल्याचे नमूद आहे. तथापि सदर पट्टा या कार्यालयास प्राप्त झालेला नाही. तरी श्री. विश्वास यांचे पदनाम व पट्ट्याचा प्रकार (चामडी/कापडी) उलट टपाली कळवावा. तोपर्यंत विहीर बंद करण्याच्या प्रस्तावावरील कार्यवाही स्थगित ठेवण्यात येत आहे.'

पट्टा प्राप्त झालेला नाही! साहेब, साऱ्या प्रकरणात एवढं खरं वाक्य दुसरं कोणी लिहिलं नाही.

तुम्ही कळवलंत, 'या कार्यालयात विश्वास नाही.' त्यांनी विचारलं, 'नसल्यास केव्हापासून नाही?' तुम्ही लिहिलंत, 'कधीच नव्हता.' त्यांनी विचारलं, 'मग पट्टा कोणाचा?' दर पत्राला तीन-तीन आठवडे. पांढरी शाई खरवडून 'हा घ्या पट्टा' म्हणायचा मार्ग मोकळा होता, पण मग शाई कोणी लावली तेही सांगावं लागलं असतं. अखेरीस मुख्य कार्यालयाच्या हरवलं-सापडलं विभागाने कर्तव्यबुद्धीने एक पार्सल पाठवलं. त्यात एक तपकिरी चामडी पट्टा. पितळी बक्कल, पाच भोकं, तिसरं जरा सैल झालेलं. सोबत चिठ्ठी: 'श्री. विश्वास यांस ओळख पटवून देण्यात यावा.'

बाईंनी तो आवक वहीत चढवला आणि ओळख पटवणारं कोणीच येईना, तेव्हा माझ्याकडून सही घेऊन माझ्या ताब्यात दिला.

इकडे उन्हाळा चढला. न पुसलेल्या आलेखाची एक प्रत मी पंपघराच्या खिडकीला आतून चिकटवली, रस्त्यावरून दिसेल अशी. दर बुधवारी तळ्यावरून आलो की आप्पा लाल पेनाने त्यावर त्या दिवसाचा ठिपका द्यायचे. ठिपका जागेवरून हलू नये म्हणून मनगट दुसऱ्या हाताने धरायचे. पहिल्या बुधवारी दोन माणसं थांबली. पाचव्या बुधवारी रस्ता अडला.

"आज किती, आप्पा?"

"बारा आणि अर्धा."

"साहेबांच्या रेघेखाली गेलं की!"

"पण निळ्यात आहे," मास्तर घोषणा करायचे. खिडकीजवळची जागा त्यांनी छत्रीने अडवून ठेवली होती. "निळ्यात आहे, काळजी नको! हा पातळ रंग कोणाच्या सल्ल्याने झाला, माहीत आहे ना?"

बारा. साडेअकरा. अकरा. पुढच्या बुधवारी दहा फूट सात इंच. तळ्यावरचा पंप खाकरला, खोकला आणि हवा ओढू लागला. त्याच सकाळी जुन्या विहिरीचा पंप सुरू झाला. तेवीस दिवस आमची वस्ती त्या विहिरीवर जगली. एका घरचा नळ कोरडा गेला नाही. तुमच्याही नाही, साहेब. तुम्ही याच वस्तीत राहता. आणि ठिपका? पट्ट्याची खालची कड दहा फुटांवर होती. ठिपका कडेपर्यंत आला, त्याने वाकून बघितलं, आणि आतच राहिला.

त्या बुधवारी भर रस्त्यात बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "आज तुम्ही पट्ट्यात आहात हो." बावीस वर्षांच्या संसारात यापेक्षा मोठा सत्कार मला मिळालेला नाही, आणि मला दुसरा नकोय.

विहीर माझ्या आलेखाने वाचली नाही, हे मला कळतं. ती वाचली बाईंच्या अदबीमुळे आणि तुमच्या पांढऱ्या शाईमुळे. पण आलेख खरा ठरला. त्याचा मला गर्व आहे. अभिमान म्हणा हवं तर. मी गर्वच म्हणतो.

पाणी चढलं आणि तुमची नोटीस आली. आरोप तीन. एक, विश्वास नावाचा काल्पनिक कर्मचारी निर्माण केला. दोन, कार्यालयीन डागाचं सार्वजनिक प्रदर्शन केलं. तीन, तोंडी आदेश देऊनही सतरा रिकाम्या जागा भरल्या नाहीत. त्या जागा सोमवारपर्यंत भरून, पट्टा काढून, विहीर बंद करण्याचा प्रस्ताव पुन्हा सादर करावा.

पहिल्याचं उत्तर बाई देतील. दुसऱ्याचं सारी वस्ती देईल. तिसरा आरोप मी आप्पांना वाचून दाखवला. ते हसले.

"अंदाजे टाका? अजून तेच म्हणतात का?"

"कोण?"

"तुमचे साहेब. तेव्हा धाकटे साहेब होते ते. मी दवाखान्यातून थेट कामावर आलो, तर वही पुढे सरकवून म्हणाले, सतरा आकडे अंदाजे टाका, कोण बघतंय. मी आडव्या रेघा मारल्या. म्हटलं, ज्या दिवशी मी बायकोपाशी होतो त्या दिवशी मी तळ्यावर होतो असं लिहिणार नाही."

तर साहेब, आलेखावर तुम्हाला डाग दिसतोय ती जागा ही आहे. मी तो काढणार नाही, बारीक करणार नाही. तपकिरी पट्टा माझ्या कमरेला आहे, तिसऱ्या भोकावर बरोबर बसतो. श्री. विश्वास तुमच्याकडे आले तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

मी खुलासा दिला. आता तुम्ही द्या. अकरावी वही सोबत जोडली आहे, सतरा बुधवारांचं पान उघडून, आणि पानावर पेन ठेवलंय. त्या सतरा दिवशी तळ्यात पाणी किती होतं? तुम्हाला माहीत असेल तर तुमच्या हाताने लिहा, प्रत्येक आकड्यापुढे सही करा, तारीख घाला. नसेल माहीत, तर तेवढंच लिहा: माहीत नाही. सोमवारपर्यंत.